कोटींच्या शेजारी लिटरही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं जायकवाडीच्या पैठण डाव्या कालव्यावर गेली आणि त्यातलीही जास्त परभणी जिल्ह्यात, म्हणजे टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला. 208 किलोमीटरच्या कालव्याचं टेल काय असतं हे तिथं रात्री दारं धरून बसलेल्या माणसालाच ठाऊक. पाणीपाळी सुटल्याची बातमी येते, वरच्या अंगाची शिवारं भिजतात, आणि आपल्या चारीत येतो तो नुसता ओलावा.

आपल्या अंकात अलीकडे डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटचे संगणक ठेवायच्या केंद्रांच्या, बातम्या वरचेवर असतात. अमुक कंपनी, तमुक हजार कोटी, एवढे मेगावॉट. बातमी आनंदाची असते आणि मीही आनंदानं वाचतो, कारण आमच्या भागातली पोरं पुण्याला खोल्या करून राहतात आणि त्यांच्या आया इथं एकट्या. पण मी आयुष्यभर पाणी मोजलं आहे. त्यामुळे बातमी वाचून झाली की माझा डोळा एकच आकडा शोधतो, आणि तो कधीच छापलेला नसतो: पाणी किती लागणार, आणि ते कुणाच्या वाट्यातून येणार.

हा प्रश्न मला कागदावर सुचलेला नाही. गेल्या पावसाळ्याअखेर मी आणि आमच्या सौ. तीन महिने लेकीकडे होतो. लेक-जावई अमेरिकेत ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडजवळ हिल्सबोरोला असतात. आपली बरीच मराठी कुटुंबं त्या गावात आहेत. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी जावयांनी विचारलं, बाबा, कुठं जायचं? मी म्हणालो, धरण दाखवा. ते आम्हाला कोलंबिया नदीच्या काठानं द डॅल्स या गावी घेऊन गेले.

रस्ता जवळजवळ पूर्ण नदीला धरून जातो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना ओलं, शेवाळलेलं जंगल आणि कड्यांवरून पडणारे धबधबे, अगदी आपल्या आंबोलीसारखे. तासाभरात झाडं विरळ होत गेली, डोंगर पिवळे पडले आणि वारा कोरडा झाला. कोकणातून घाट चढून माणदेशात उतरावं तसं. एवढी मोठी नदी उशाला असून गाव पर्जन्यछायेत. वस्ती सुमारे 16 हजार. उतारांवर चेरीच्या बागा, पानं लालसर पिवळी झालेली. बागांत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या पाहिल्या आणि मला एकदम घनसावंगीच्या मोसंबीची आठवण झाली.

गावाला लागून नदीकाठीच गूगलचं डेटा सेंटर आहे, 2006 पासूनचं. मोठ्या लांबलचक इमारती, खिडकी औषधालाही नाही, भोवती कुंपण. सकाळची थंडी होती, त्यामुळे छपरांच्या बाजूनं पांढरी वाफ उठताना स्पष्ट दिसत होती. सौ. म्हणाल्या, साखर कारखाना आहे का? जावयांनी सांगितलं, ते आपलं पाणी आहे, उडून जातंय.

हे कसं चालतं ते त्यांनी नीट समजावलं, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते समजायला वेळ लागत नाही. आत हजारो संगणक रात्रंदिवस चालतात आणि तापतात. ती उष्णता बाहेर काढण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणं. आपला उन्हाळ्यातला कूलर तेच करतो. मे महिन्यात घरातला कूलर दिवसाला किती बादल्या पितो हे प्रत्येक बाईला माहीत आहे, कारण बहुतेक घरांत तो भरण्याचं काम तिच्याकडेच असतं. हंगाम संपल्यावर कूलरची जाळी काढली की गवतावर पांढरा क्षाराचा थर बसलेला असतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. तिथंही तेच होतं, म्हणून उरलेलं जड पाणी अधूनमधून सोडून द्यावं लागतं आणि नवं घ्यावं लागतं. पाणी जवळजवळ न वापरता हवेवर थंड करण्याचीही सोय असते, पण मग वीज जास्त लागते. म्हणजे पाणी महाग की वीज महाग, हे पाहून कंपनी ठरवते. जिथं पाणी स्वस्त तिथं पाणीच उडणार.

आता त्या गावाची गोष्ट सांगतो, कारण त्यासाठीच हे पत्र.

कंपनी आली तेव्हाच तिथल्या अधिकाऱ्यांकडून गुप्ततेच्या करारांवर सह्या घेतल्या होत्या. मालमत्ता करात सवलती मिळाल्या. पुढे कंपनीला आणखी इमारती बांधायच्या होत्या आणि त्यासाठी जास्तीचं पाणी हवं होतं. 2021 साली पोर्टलंडच्या ‘द ओरेगोनियन’ या वर्तमानपत्रानं शहराकडे साधा प्रश्न केला की ही कंपनी वर्षाला किती पाणी घेते? शहरानं सांगितलं, तो कंपनीचा व्यापारी गुपिताचा भाग आहे, देता येणार नाही. वर्तमानपत्र तिथल्या काउंटीच्या सरकारी वकिलाकडे गेलं. त्यानं निर्णय दिला की हा आकडा जनतेचा आहे, द्या. त्यावर त्या शहरानं काय करावं? वर्तमानपत्रालाच कोर्टात खेचलं. नगरपालिकेनं आपल्याच नळाच्या मीटरचा आकडा लोकांपासून लपवण्यासाठी दावा लावला. तेरा महिने तो चालला. खटला चालू असतानाच, नोव्हेंबर 2021 मध्ये, नगर परिषदेनं कंपनीशी पाण्याचा नवा करार मंजूरही केला. पाणीपुरवठ्याच्या कामांसाठी 2 कोटी 85 लाख डॉलर कंपनीनं द्यायचे होते. कंपनीनं जुन्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या जागेवरचा पाण्याचा हक्कही शहराला देऊ केला होता. शहराचं म्हणणं होतं की यातून गावाला उलट जास्तच पाणी मिळेल. ते खरंही असेल. पण बागवाल्यांनी, विहिरीवाल्यांनी ते तपासायचं कशाच्या आधारे? आकडा तर कुलपात.

डिसेंबर 2022 मध्ये शहरानं माघार घेतली आणि दहा वर्षांचे आकडे दिले. 2021 या एका वर्षात डेटा सेंटरनं 35 कोटी 50 लाख गॅलन पाणी घेतलं होतं. अख्ख्या शहराच्या वापराच्या चतुर्थांशाहून जास्त. पाच वर्षांत वापर जवळपास तिप्पट झाला होता.

रात्री लेकीच्या घरी मी वही घेऊन बसलो. अमेरिकन गॅलन म्हणजे 3.785 लिटर. वर्षाचे सुमारे 134 कोटी लिटर. दिवसाचे सरासरी 36 ते 37 लाख. आपल्याकडच्या 10 हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर रोज 368 टँकर. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबानं 67 हजार माणसांचं रोजचं पाणी. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ती पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला 25 लाख लिटर आणायची. वर्षाच्या पाण्याला तशा 537 खेपा.

इथं मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, धरलं तर हे वर्षाचं पाणी एका टीएमसीच्या विसाव्या हिश्श्याहूनही थोडं कमीच भरतं. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी. आमच्या खात्यातला कुणीही म्हणेल, यात काय एवढं? उसाला याहून कितीतरी जातं. बरोबर आहे. पण धरणाच्या तळ्याशी तुलना करून पाणी मोजायचं नसतं, ते ज्या नळातून, ज्या विहिरीतून, ज्या महिन्यात जातं तिथं मोजायचं असतं. वर्षाची सरासरी ही फसवी गोष्ट आहे. कूलरला पाणी जानेवारीत लागत नाही, मेमध्ये लागतं. डेटा सेंटरचंही तसंच, बाहेर जितकं ऊन तितकी तहान. म्हणजे ज्या महिन्यात आमच्या गावाच्या विहिरीत माणूस उतरवून वाटीनं पाणी भरावं लागतं, त्याच महिन्यात त्यांची मागणी शिखरावर. सरासरीचा आकडा सांगणाऱ्याला मी मेचा आकडा विचारीन.

आकडा लपवणं काय करतं हे मी नोकरीत पाहिलं आहे. 2012-13 चा दुष्काळ आठवा. जायकवाडीचा जिवंत साठा संपलेला, जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या, लोक कुऱ्हाडीनं तोडून सरपण करत होते. त्याच्या आधीच्या एका आवर्तनात माझ्या हद्दीच्या वरच्या अंगाला एका कारखान्याची पाइपलाइन कालव्यात सोडलेली होती. कारखान्याचं नाव इथं लिहीत नाही. परवानगी होती, पण मीटर बंद होता. कालव्याच्या भिंतीवर आमची रंगवलेली मोजपट्टी असते. मी सकाळी सहाला वरच्या गेजवर आणि दुपारी खालच्या गेजवर वाचन घेत होतो आणि दोन्हींतला फरक कुठल्याच चारीच्या हिशेबात बसत नव्हता. वरिष्ठांना विचारलं तर उत्तर आलं, त्यांची नोंद वेगळ्या वहीत असते, तुम्ही तुमचं बघा. ती वेगळी वही मी कधी पाहिली नाही.

टेलचा एक म्हातारा शेतकरी रोज चारीवर येऊन बसायचा. नमुना नंबर सातचा पाणीमागणीचा अर्ज त्यानं वेळेत भरलेला, पाणीपट्टीची बाकी एक रुपया नाही. त्यानं मला कधी शिवी दिली नाही की हात जोडले नाहीत. एवढंच म्हणायचा, “सायेब, पानी नाय आलं तर नाय आलं. पर वर किती गेलं तेवढं तरी सांगा.” मला सांगता येत नव्हतं. सरकारी पगार घेऊन, अंगावर खाकी शर्ट घालून, मला त्याला सांगता येत नव्हतं. ती गोष्ट अजून माझ्या मनातून गेलेली नाही. द डॅल्सच्या नदीकाठी ती वाफ बघताना मला तोच माणूस दिसत होता.

त्या दिवशी परतण्यापूर्वी आम्ही थोडं पुढं, सेलिलो म्हणून जागा आहे तिथं गेलो. तिथं पूर्वी मोठे प्रपात होते आणि नदीकाठच्या आदिवासी जमाती हजारो वर्षं फळ्यांच्या माचांवर उभं राहून सामन मासा धरत. मार्च 1957 मध्ये द डॅल्स धरणाची दारं बंद झाली आणि काही तासांत ते प्रपात पाण्याखाली गेले. आता तिथं सपाट, शांत पाणी आहे. काठावर आदिवासींची छोटी वस्ती अजून आहे. सौ. बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांचं आजोळ नाथसागराच्या बुडितात गेलं. दुष्काळाच्या साली पाणी हटलं की जुन्या देवळाचा चौथरा आणि विहिरीचं तोंड उघडं पडतं, तेव्हा ते बघायला त्या भावांबरोबर जातात. त्या काही बोलल्या नाहीत, मीही काही विचारलं नाही. धरणाची वीज लांब गेली, धरणाच्या विजेवर आलेला ॲल्युमिनियमचा कारखाना बंद पडला, आता त्याच विजेच्या ओढीनं ही केंद्रं आली. त्या गावच्या लोकांनी दर पिढीला एकदा ‘आता भाग्य उजळणार’ हे ऐकलं आहे. आपल्याकडेही ऐकलेलं आहे.

तिकडे असतानाच 14 ऑक्टोबरला बातमी आली की गूगल विशाखापट्टणमला पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर गुंतवून गिगावॉटच्या मापाचं केंद्र उभारणार. मोबाइलवर मी मराठी, इंग्रजी सगळ्या बातम्या चाळल्या. डॉलर सगळीकडे होते. लिटर बहुतेकांत नव्हते. आपल्या राज्यात ही केंद्रं आजवर मुख्यतः मुंबई-नवी मुंबईकडे आहेत, पण 2023 च्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना सवलती आहेत आणि जमीन स्वस्त असलेल्या भागाकडे ती सरकणार हे सांगायला ज्योतिषी नको. माळरान दिसलं की ओसाड समजायचं ही शहरातली नजर आहे. त्या माळावर कुणाची तरी शेळ्यांची वाट असते.

विजेबद्दल थोडक्यात. आयर्लंडमध्ये 2023 साली देशातल्या मीटरवर मोजलेल्या विजेपैकी 21 टक्के एकट्या डेटा सेंटरांनी वापरली. ओरेगॉनच्या विधिमंडळाला 2025 साली कायदा करावा लागला की 20 मेगावॉटपेक्षा जास्त वीज घेणाऱ्या अशा ग्राहकांचा खासगी वीज कंपन्यांनी वेगळा वर्ग करावा, म्हणजे त्यांच्यासाठी उभारलेल्या वाहिन्यांचा खर्च घरगुती ग्राहकांच्या बिलात येणार नाही. आमच्याकडे कृषी पंपाला अजूनही आलटून पालटून रात्रीची वीज मिळते. सापाच्या भीतीनं बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला शेजारच्या कुंपणाआड चोवीस तास लखलखाट दिसला तर त्याच्या मनात काय येईल, याचा विचार धोरण करणाऱ्यांनी करावा.

नोकऱ्यांचंही स्पष्ट बोलावं. बांधकामाच्या काळात माणसं लागतात, मग थोडी. द डॅल्समध्येही कायमच्या नोकऱ्या शेकड्यांत आहेत, हजारांत नाहीत. त्या नकोत असं मी म्हणत नाही. गावातला एक पोरगा जरी तिथं लागला तरी मी पेढे वाटीन. पण सरपंचाला ‘हजारो रोजगार’ सांगून जमीन घेऊ नये.

माझा विरोध डेटा सेंटरला नाही. तिकडून आल्यापासून रोज रात्री नातीशी व्हिडिओवर बोलतो. तिचा चेहरा मला दिसतो तो अशाच कुठल्या तरी इमारतीतून फिरून येतो, हे मला आता समजलं आहे. माझी मागणी एवढीच की करारावर सही होण्याआधी पाण्याचा आकडा उघड व्हावा. वर्षाचा नको, महिन्याचा, आणि एप्रिल-मेचा ठळक. पाणी धरणातून, नदीतून, बोअरमधून की शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून, ते लिहिलेलं असावं. मला विचाराल तर प्रक्रिया केलेलं सांडपाणीच द्यावं. आणि टंचाई जाहीर झाली की यांची तोटी कितव्या नंबरला बंद होणार, हेही आधीच ठरावं. आपल्या राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. तो 2011 साली बदलून शेती वर आली, आणि त्यासाठी लोकांना किती भांडावं लागलं ते मी पाहिलं आहे. 2016 साली मद्याच्या कारखान्यांचं पाणी कमी करायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. दर वेळी कोर्टापर्यंत का जायचं?

कायद्यातली एक फट वाचकांच्या लक्षात आणून देतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(घ) मध्ये ‘व्यापारी गुपित’ म्हणून माहिती नाकारता येते. द डॅल्सनं जे कारण दिलं, तेच कारण उद्या आपल्याकडचा जनमाहिती अधिकारी याच कलमाखाली देऊ शकतो. व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी, असं त्याच कलमात पुढं आहे. पण तो मुद्दा सिद्ध करत अपिलात वर्ष-दोन वर्षं जातात, आणि तोवर इमारत उभी राहते. म्हणून शासनानं एका परिपत्रकानं स्पष्ट करावं की सार्वजनिक स्रोतातून उचललेल्या पाण्याचा आकडा हे कुणाचंच गुपित नाही. कंपन्यांचं यात काही बुडत नाही. तो खटला मिटल्यापासून गूगल स्वतःच आपल्या वार्षिक पर्यावरण अहवालात केंद्रागणिक पाण्याचे आकडे छापते. ज्या आकड्यासाठी तेरा महिने कोर्टात भांडण झालं, तो आता कुणीही घरबसल्या वाचू शकतो. धंदा बंद पडलेला नाही.

आमच्या काळी आवर्तन सुटायच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, कोणत्या चारीला कोणत्या तारखेला किती दिवस पाणी. तसा एक फळा या केंद्रांच्या गावात लागावा. दर महिन्याला मीटरचं वाचन त्यावर लिहावं. फार तर शंभर रुपयांचं काम आहे.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, एक विनंती. ओरेगॉनमध्ये हा आकडा बाहेर आला तो एका वर्तमानपत्रानं विचारलं म्हणून. आपले वार्ताहर अशा प्रकल्पाच्या पत्रकार परिषदेला जातील तेव्हा त्यांनी उठून लिटर विचारावेत. उत्तर मिळालं तर कोटींच्या शेजारी, त्याच टायपात छापावं. नाही मिळालं तर ‘विचारलं, सांगितलं नाही’ एवढं तरी छापावं.

आमच्या गावासाठी असा प्रस्ताव आज तरी माझ्या कानावर नाही. तरीही 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे की गावच्या शिवारातलं पाणी मागणाऱ्या कोणत्याही उद्योगानं महिनावार आकडा ग्रामसभेपुढं लेखी ठेवल्याशिवाय ना हरकत देऊ नये. ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. इतर गावांना उपयोगी वाटला तर अवश्य छापावा.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक,
जि. परभणी